कोठारात मावणारी बंदूक

कोठाराच्या आढ्याखाली चौऱ्याण्णव कणसं टांगलेली होती. ऑक्टोबरात विदोसावाने स्वतःच पानांच्या वेण्या घालून ती बांधली होती, त्यामुळे आकड्याबद्दल शंका नव्हती. फेब्रुवारीतल्या त्या रविवारी शिडीवर चढून तिने पुन्हा मोजली तेव्हा धडधाकट भरली बहात्तर. तेरा कुरतडलेली, आणि नऊंचे दाणे संपून नुसती दांडकी राहिलेली. तुळईवर शेंगदाण्याएवढ्या लेंड्या पडल्या होत्या. चिल्ल्यापिल्ल्या उंदराचं हे काम नव्हतं.

खाली रचलेला पिवळा मका डुकरांसाठी होता. त्यातले चार घास उंदराने खाल्ले असते तरी विदोसावाने मनावर घेतलं नसतं. पण वर टांगलेला मका पांढरा होता, आठ ओळींचा, तिच्या आजेसासूच्या वेळेपासून घरात चालत आलेला. होमोल्येच्या डोंगरात एकेकाळी घरोघरी तोच लावत. आता सगळ्यांनी दुकानातलं बी आणायला सुरुवात केली होती आणि पांढरा मका एकट्या विदोसावाच्या वरच्या माळावर उरला होता. त्या माळाला साठ कणसांचं बी लागतं. शिवाय मोजक्याच कणसांवरून बी धरलं तर मका दोन-चार वर्षांत खुजा होत जातो, हे तिने माहेरी डोळ्यांनी पाहिलं होतं. म्हणून साठ हा तिचा आकडा होता. साठाच्या खाली जायचं नाही.

उपाय तिने करून पाहिले नव्हते असं नाही. पिंजऱ्यातला डुकराच्या चरबीचा तुकडा उंदराने अलगद काढून खाल्ला आणि पिंजरा तसाच उघडा ठेवला. मांजराला कोठारात कोंडलं, तर ते दाराशी बसून रडलं. विष ती घरात आणणार नव्हती. आधीचं मांजर, जे खरंच कामाचं होतं, ते शेजाऱ्याने ठेवलेल्या विषाने गेलं होतं. ज्या कोठारातून रोज डुकरांना मका जातो तिथे विषारी गोळ्या सांडायच्या, हे तिला पटतही नव्हतं.

राहिली छर्‍याची बंदूक. व्हिएन्नाहून मुलाने फोनवर सांगितलं, "आई, शहरात जा आणि एक स्वस्तातली आखूड एअरगन घेऊन ये. परवाना लागत नाही. सोपं आहे."

सोपं झालंही असतं. पण बुधवारी सकाळी ती बसला निघणार, तेवढ्यात फाटकातून नेगोवान आला.

नेगोवान हा तिचा कूम, आणि ती त्याची कुमा. त्याने तिच्या लग्नात साक्षीला उभं राहून मेणबत्ती धरली होती आणि तिच्या दोन्ही मुलांची नावं त्यानेच ठेवली होती. कूमचा मान सख्ख्या भावाच्याही वर. कूमला नाही म्हणत नाहीत, आणि कूमने दिलेली वस्तू परत करत नाहीत. शिवाय तो गावच्या शिकारी संघटनेचा अध्यक्ष होता, आणि हे तो झोपेतही विसरत नसे.

"कुमा, ऐकलं मी सगळं," तो म्हणाला. टेबलावर कॉफी आणि मनुकांचा मुरांबा येण्याआधीच त्याने खांद्यावरची लांब पिशवी सोडली. "दुकानात कशाला जातेस? हा नेगोवान मेला की काय?"

पिशवीतून जी बंदूक निघाली ती पाहून कोणाचंही मन हरखलं असतं. अक्रोडाचा दस्ता, त्यावर कोरलेली हरणाची जोडी, वर हातभर दुर्बीण. टेबलावर ठेवली तर दोन्ही बाजूंनी बाहेर राहिली.

"छर्‍याचीच आहे," नेगोवान म्हणाला, "पण जोर बघ. तीस पावलांवरून फळीच्या आरपार जाते. ठेव तुला."

"अहो कूम, एवढी मोठी..."

"मोठी म्हणजे काय? वस्तू आहे ती!"

"कोठार बघितलंय ना तुम्ही?"

"मी तुझं कोठार बांधताना खिळे ठोकलेत, बाई."

ते खरं होतं. मक्याचं कोठार अरुंदच बांधतात. फळ्यांच्या फटींतून वारा आरपार गेला पाहिजे, नाहीतर मका आतून बुरसतो. लांबी भरपूर, उंची भरपूर, पण आत उभं राहून हात पसरायला गेलं तर दोन्ही कोपरं फळ्यांना लागतात. त्यातून मका दाराकडूनच काढत जायचा, त्यामुळे फेब्रुवारीत आत मोकळी जागा उरते ती एक स्टूल आणि एक माणूस मावेल एवढी. बाहेरून नेम धरावा तर फळ्या आड येतात. उंदीर मारायचा असेल तर त्या जागेत बसून, वर आढ्याकडे बघत मारायचा.

पण हे कूमला तोंडावर सांगायचं कसं? आणि त्याची बंदूक घरात असताना दुसरी विकत आणायची, म्हणजे गावभर डंका: विदोसावाने कूमची बंदूक नाकारली. ती दोन घोट कॉफी प्यायली आणि म्हणाली, "मला काही हिची सवय नाही. पहिला उंदीर तुम्हीच मारून द्या. कूमच्या हाताचा गुण येऊ दे."

नेगोवानची छाती कोटात मावेना.

गुरुवारी उजाडता उजाडता तो मेंढीच्या कातड्याची टोपी घालून कोठारात शिरला. विदोसावा बाहेर फटीला डोळा लावून उभी राहिली. आधी खूप वेळ नुसती धडपड ऐकू आली. ही बंदूक भरायची म्हणजे नळी खाली ओढून ती मधोमध मोडावी, म्हणजे सांध्यात दुमडावी लागते. मोडायला जागा हवी, आणि बंदूक होती विदोसावाच्या कमरेच्या वर येईल एवढी. नेगोवानने नळी खाली ओढली तशी ती दोन फळ्यांच्या फटीत घुसली आणि डुकराने कुंपणातून नाक काढावं तशी विदोसावाच्या पोटासमोर बाहेर आली.

"ढकल!" आतून आवाज आला.

"काय ढकलू?"

"नळी ढकल आत! भरलेली नाही अजून!"

तिने ढकलली. आत स्टूल पडलं. मग टोपी पडली. मग एकदाची बंदूक भरली गेली. तेवढ्यात उंदीर आला. एवढ्या गोंधळातही आला, कारण कोठार त्याचंच होतं. तुळईवरून चालत तो कणसांपाशी थांबला आणि खाली नेगोवानकडे बघू लागला. दुर्बीण लांबच्या नेमाची असल्यामुळे नेगोवानला तिच्यातून फक्त राखाडी केसांचा एक ढग दिसत होता. त्याने ढगाच्या मध्यावर नेम धरला.

आवाज झाला. एक कणीस फुटून दाणे सगळीकडे उडाले. मागचं कौल तडकलं, अर्धं खाली आलं, आणि त्या भोकातून छपरावरचा बर्फ थेट नेगोवानच्या कॉलरमध्ये गेला.

उंदीर घाई न करता निघून गेला.

नेगोवान बाहेर आला तेव्हा त्याच्या भुवयांवर बर्फ होता. "कुमा," तो म्हणाला, "तुझं हे कोठार चुकीचं आहे."

"खिळे तुम्हीच ठोकले होते."

"ते अख्खं रिकामं करू. मग आत नीट उभं राहून..."

"अख्खं रिकामं करेपर्यंत तो माळाचं बी संपवेल, कूम. सकाळी मोजली, एकोणसत्तर होती. आता अडुसष्ट. एक तुम्ही खाल्लंत."

एवढं बोलल्यावर मात्र नेगोवान खरंच ओशाळला. पांढऱ्या मक्याची जाड भाकरी आणि वर घट्ट साय, हे त्याचं दर रविवारचं खाणं होतं, आणि ते फक्त याच घरी मिळत होतं. विदोसावाने त्याच्या कॉलरमधला बर्फ झटकला. लोखंड तापलेलं होतं.

"तुमची बंदूक शिकारीची आहे हो. डोंगरावरची. उंदरावर तिला लावणं म्हणजे तिचाच अपमान. मला तुमच्याकडून दुसरंच काही हवंय. माझ्याबरोबर शहरात या आणि या कामाची बंदूक निवडून द्या. मला त्यातलं काय कळतं?"

नेगोवानने टोपी झटकली, डोक्यावर घातली. "हे तू कालच बोलायला हवं होतंस," तो म्हणाला. "निवडणं हे माझं काम."

शुक्रवारच्या बसमध्ये विदोसावाच्या हातात एक हेझलची काठी होती. कोठारात कोपराच्या उंचीवर एका फळीपासून समोरच्या फळीपर्यंत जेवढं अंतर, तेवढीच कापलेली. मांडीवरच्या पिशवीत कपड्यात गुंडाळलेलं काहीतरी जड होतं.

"काठी कशाला?" नेगोवानने विचारलं.

"म्हातारपण."

"आणि पिशवीत?"

"तेही म्हातारपणच."

शहरात, म्हणजे पेत्रोवात्समध्ये, मासेमारी आणि शिकारीच्या सामानाचं दुकान बसथांब्यामागे होतं. दुकानदार ल्युबिशा सूर्यफुलाच्या बिया सोलत बसला होता.

"कशासाठी हवी?" त्याने विचारलं.

"उंदरांसाठी," विदोसावा म्हणाली.

"शिकारीसाठी," त्याच क्षणी नेगोवान म्हणाला.

ल्युबिशाने दोघांकडे पाहिलं. "शिकार कसली?"

"म्हणजे, घरात असली तर ससा-बिसा..."

"अध्यक्षसाहेब, छर्‍याच्या बंदुकीने सशाला हात लावलात तर तुमचीच संघटना तुमचं कार्ड काढून घेईल."

"मला नियम शिकवतोस? तुला नियम माहीत आहेत का, तेच बघत होतो मी."

"मग उंदरांसाठीच, असं धरू या," ल्युबिशा म्हणाला आणि काउंटरवर बंदुका मांडायला लागला.

पहिली नेगोवानने लगेच उचलली. ती त्याच्या बंदुकीची धाकटी बहीण होती. विदोसावाने काठी शेजारी धरली. बंदूक वीतभर जास्त निघाली.

"हे काय?" ल्युबिशाने विचारलं.

"माझं कोठार," ती म्हणाली. "याच्यात फिरवता आली पाहिजे. आडवी धरून."

दुसरी पिस्तुलासारखी आटोपशीर होती, गॅसच्या छोट्या बाटलीवर चालणारी. मोडायची नाही, ताणायची नाही, धडाधड दहा छर्रे. काठीत तर बसत होतीच, वर पाव काठी शिल्लक. विदोसावाचे डोळे चमकले. पण या वेळी नेगोवाननेच मान हलवली. "थंडीत गॅस मरतो, कुमा. तुझ्या कोठारात पहाटे पाणी गोठतं. दोन छर्रे जातील, तिसरा उंदराच्या पाठीवरून घरंगळेल. जखमी उंदीर कणसांत मरून पडला तर काय करशील?"

"बरोबर बोलले," ल्युबिशा म्हणाला.

नेगोवान ताठ झाला. विदोसावाने गॅसची बंदूक स्वतःच बाजूला सारली. कूमला खरंच कळतं, हे तिला मनातून बरं वाटलं.

तिसरी फार सुंदर होती, आखूड, दस्त्यातच नळी मुरवलेली. आधीच दाबून भरलेल्या हवेवर चालणारी. पण हवा भरायला वेगळा पंप लागत होता, आणि पंपाची किंमत ऐकून विदोसावा म्हणाली, "एवढ्यात वासरू येतं. आणि वासराला पंप लागत नाही."

"मग उरली ही," ल्युबिशा म्हणाला आणि वरच्या फळीवरून एक खोकं काढलं. आत स्प्रिंगची एक आखूड, हलकी एअरगन होती. दस्ता निळ्या प्लॅस्टिकचा. गुळगुळीत, झगझगीत निळा.

नेगोवान एक पाऊल मागे सरला. "हे पोरांचं खेळणं आहे."

"पंधरा-सोळा वर्षांची मुलं क्लबात हिच्यावर नेम शिकतात. सध्या ही एकच आहे, आणि रंग कोणाला आवडत नाही म्हणून सर्वांत स्वस्त."

विदोसावाने काठी लावली. बंदूक काठीपेक्षा चार बोटं आखूड होती. मोडून दाखवायला सांगितलं. नळी आखूड असल्यामुळे हात छातीपासून फार लांब जात नव्हता. लांब नेमाची दुर्बीण नव्हती. नेम धरायला मागे साधी खाच आणि पुढे माशी, म्हणजे छोटासा खुंट.

"पण जोर?" नेगोवानने विचारलं. "उंदीर मरायला जोर हवा. ही काय गुदगुल्या करणार?"

विदोसावाने पिशवी उघडली. कपड्यातून आधी साबणाचा एक मोठा ठोकळा काढला, घरी चरबीपासून केलेला. मग अर्धं कौल.

"हे माझं कौल?" नेगोवान दचकून म्हणाला.

"माझं. तुम्ही फोडलेलं." तिने दोन्ही वस्तू काउंटरवर ठेवल्या. "साबण भेदला पाहिजे आणि कौल फुटता कामा नये. दोन्ही एकाच बंदुकीने. नाही तर उंदीर मरेल आणि बी भिजेल. मागे अंगण आहे ना, ल्युबिशा?"

अंगण होतं. ल्युबिशाने सगळ्यांना चष्मे दिले आणि छर्रा उलटून येऊ नये म्हणून कौल तिरकं ठेवलं. विदोसावाने स्टुलापासून आढ्यापर्यंतचं अंतर दोरीने मोजून आणलं होतं. तेवढ्याच अंतरावर नेगोवानला उभं केलं.

"तुम्हीच झाडा. निवड तुमची आहे."

पहिला छर्रा साबणात तिच्या करंगळीएवढा खोल गेला. दुसरा कौलावर आपटून चपटा झाला. कौलावर करडा डाग पडला, बोटाने पुसला तर जवळजवळ गेलाही. नेगोवानने कौल उचललं, उलटं केलं, कानाशी धरून टिचकी मारली. स्वच्छ आवाज आला.

"आता तिने," तो आपल्या बंदुकीच्या दिशेने, म्हणजे डोंगराच्या दिशेने हात करत म्हणाला, "तिने तर घरच पाडलं असतं."

मग त्याने निळ्या बंदुकीचा दस्ता खांद्याला लावून पाहिला, चाप दोनदा तपासला, नळीच्या सांध्याशी बोट फिरवलं, आणि दुकानात परत येऊन जाहीर केलं, "कुमा, मी निवडली. हीच."

"तुम्ही म्हणता म्हणजे..." ती म्हणाली.

"चपट्या तोंडाचे छर्रे दे," तो ल्युबिशाला म्हणाला. "टोकदार नको, ते आरपार जातात. आणि पैसे मी देणार."

"अजिबात नाही," विदोसावा म्हणाली.

"मी कूम आहे!"

"माझं बी आहे!"

दोघांनी एकमेकांचे हात खिशाबाहेर येऊ दिले नाहीत. ल्युबिशाने हे इतक्यांदा पाहिलं होतं की तो आत जाऊन कॉफीचं आधण ठेवून आला. शेवटी बंदूक नेगोवानने घेतली आणि छर्‍यांच्या दोन डब्या, नवं कौल आणि दोघांचं जेवण विदोसावाने. परतीच्या बसमध्ये नेगोवानने खोकं आपल्या कोटाखाली धरलं होतं, निळा रंग दिसू नये म्हणून. पहिल्याच थांब्यावर कोणीतरी विचारलं, "अध्यक्ष, पोटात काय दुखतंय?"

शनिवारी गोठ्याच्या भिंतीला कागद लावून शिकवणी झाली. नेगोवान तिला श्वास कसा धरायचा ते सांगत होता. तिने ऐकून घेतलं, पाच छर्रे झाडले, आणि पाचही छिद्रं अर्ध्या अक्रोडाच्या टरफलाखाली झाकली गेली.

नेगोवानने टरफल उचललं, परत ठेवलं. "कुठे शिकलीस?"

"जत्रेत. तुम्ही आणि माझा राश्को कागदी फुलं उडवायला गेला होतात, आठवतंय? तुमच्या दोघांचं एकही फूल उडालं नाही. चिनीमातीचा कुत्रा कोणी जिंकला मग?"

"तो कुत्रा राश्कोने जिंकला असं तो चाळीस वर्षं सांगत होता!"

"मीच सांगायला लावलं होतं. आमचं लग्न व्हायचं होतं."

नेगोवान इतका हसला की गोठ्यातली गाय बाहेर डोकावली.

सोमवारी उजाडताना विदोसावा कोठारात स्टुलावर बसली. नवं कौल बसवून झालं होतं. आदल्या संध्याकाळी मोजली तेव्हा पासष्ट होती. दार ओढून नेगोवान बाहेर उभा राहिला. त्याला दोन अटी होत्या: बोलायचं नाही, फटीतून डोकवायचं नाही. त्याने पहिली पाळली.

आधी आढ्याच्या टोकाला खसखस झाली. मग शेपूट दिसली, मग बाकीचा. विदोसावाने बंदूक उचलली. नळी कुठेच अडली नाही. उंदीर सरळ कणसांत शिरला आणि तिला त्याचं अर्धं डोकं दिसू लागलं, पण मागे पुढे सगळीकडे पांढरे दाणे. तिने चाप दाबला नाही. बोट ठेवून बसून राहिली. वरून कुरतडण्याचा आवाज येत होता आणि प्रत्येक दाणा तिच्या दातांवर वाजत होता.

बाहेर नेगोवानला शिंक आली. त्याने ती टोपीत दाबली, पण अर्धी सुटलीच. उंदीर कणसांतून बाहेर येऊन मोकळ्या तुळईवर बसला आणि आवाजाकडे कान वळवले. मागे नुसतं कौल होतं.

तिने चाप दाबला.

कोरडा, लहानसा आवाज झाला. उंदीर खाली मक्याच्या ढिगावर पडला आणि तिथेच राहिला.

"लागला?" बाहेरून आवाज. "कुमा! लागला का? कौल? कौल कसं आहे?"

"आत या ना. पण टोपी काढून या, जागा नाही."

नेगोवान आत आला, आधी वर कौलाकडे पाहिलं, मग उंदराकडे, मग परत कौलाकडे. "हा एकटा नसणार," तो म्हणाला. "हे कधी एकटे नसतात."

तो बरोबर होता. मंगळवारी दुसरा मिळाला आणि गुरुवारी तिसरा. त्या दिवशी विदोसावाने मोजली तेव्हा धडधाकट कणसं त्रेसष्ट होती. मग एक अख्खा आठवडा ती रोज पहाटे स्टुलावर बसली. वर काही हललं नाही, आणि ठसे कळावेत म्हणून तिने तुळईवर पसरलेल्या पिठावर एकही पाऊल उमटलं नाही.

त्यानंतरच्या रविवारी नेगोवान भाकरी आणि साय खायला आला. जेवणाआधी तिने शिडी लावली. नेगोवानने खालून शिडी धरली आणि निळी बंदूक स्वतःच्या खांद्यावर अडकवली, सगळ्यांना दिसेल अशी. विदोसावाने डावीकडून उजवीकडे मोजलं, मग उजवीकडून डावीकडे.

त्रेसष्ट.